परत जमा झालेली वर्षं

प्रिय रेनिटा,

तुझे फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस गं. डायलिसिसच्या खुर्चीतून उठून घरी आलं की बोलायचं त्राणच उरत नाही, आणि फोनवर तुझ्यापुढे मी कधी जिंकलेय का? मंगळवारचं शेवटी सांगते. आधी बातमी ऐक.

मूत्रपिंडासाठीच्या रांगेत हॉस्पिटलने मला चार वर्षं पुढे नेलंय. काळ्या माणसाची मूत्रपिंडं जरा जास्तच दणकट, असं धरून इतकी वर्षं ते आपल्या रक्ततपासणीतला मूत्रपिंडांच्या ताकदीचा आकडा वाढवून लिहायचे. कागदावर मी ठणठणीत, आणि इकडे सुजलेल्या पायात बूट शिरेना! तो आकडा पुरेसा खाली येईपर्यंत रांगेत नावच नाही. आता तो हिशेब चुकीचा होता म्हणे, म्हणून वाया गेलेली वर्षं आपल्या लोकांच्या खाती जमा केलीत. सांगताना ती गोरी डॉक्टरीण माझा हात धरून बसली होती. मी म्हटलं, बाई, तेव्हा तू शाळेत असशील, तू कशाला कानकोंडी होतेस?

त्या उन्हाळ्यात तू अटलांटाला आपल्या काळ्या लोकांच्या न्यायासाठीच्या मोर्च्यांत ओरडत होतीस, तेव्हा मी तुला चांगलं फैलावर घेतलं होतं, घसा फोडून कुठे काय बदलतं म्हणून. बदललं बघ, बाई. तुझंच खरं झालं. पण मला नाचावंसं काही वाटत नाही. थकलेय मी.

वर्षं तुझ्या रॉस्कोमामाचीही जमा झाली. हॉस्पिटलातल्या एका मुलीचा फोन माझ्याकडेच आला: अभिनंदन, तुमचे भाऊ बरेच वर आलेत! मी म्हटलं, पोरी, तो त्याहून वर जाऊन पोचला, इस्टरच्या आधीच. ती बिचारी रडायलाच लागली, आणि तिची समजूत मी काढत बसले. फोन ठेवला नि ओव्हनमधला मक्याचा पाव करपला तरी उठवेना. ही वर्षं वेळेवर मिळाली असती, तर आज तो इथे बसून त्या करपलेल्या पावाला नावं ठेवत असता. हॉस्पिटल आता समारंभ करतंय, त्यांना माझा फोटो हवाय. मी नाही म्हटलं.

आता मंगळवार. ती शस्त्रक्रिया मी रद्द करायला सांगितलीय. चिडू नकोस. तुझं मूत्रपिंड मी घेणार नाही. तपासण्यांत तू ठणठणीत निघालीस, ठाऊक आहे मला. मीही कागदावर ठणठणीतच होते. तुझ्या आजोबांना हेच झालं, रॉस्कोला हेच, मला हेच. तुझी दोन्ही तुझ्याजवळ असू देत. मला मिळालेल्या वर्षांवर मी रांगेत थांबेन. बोलावणं येईल, नाहीतर नाही येणार. तिकीट काढलंयस तर बाल्टिमोरला ये मात्र. चार दिवस माझ्याजवळ बस, नीट जेव, आणि जशी येशील तशी अख्खी परत जा.

तुझीच,
आई