शांत घरासाठी या आठवड्याची शिफारस

१ जून, रविवार
आजपासून राग बंद. कायमचा.

मुळात माझा स्वभाव शांत. लोक चिडवतात, हा त्यांचा दोष. पण काल बैठकीतली काच फुटली (पातळ होती) आणि ही म्हणाली, यापुढे घरात एक जरी वस्तू फुटली तरी पोरीला घेऊन दादाकडे जाईन, परत येणार नाही. दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ, दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांचे दात काढतो, स्वतः कधी दात काढत नाही. मी अट मान्य केली. वस्तू फुटली तर. शब्द नीट लक्षात ठेवला आहे.

आनंदाची बातमी: चर्चच्या मागच्या दाराजवळचं टेबल पाळकसाहेबांनी माझ्याकडे सोपवलं. दर रविवारी ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक पुस्तक किंवा एक रेकॉर्ड केलेलं भाषण निवडायचं, उपासनेनंतर उभं राहून शिफारस करायची, मंडळीच्या ग्रुपवर लिंक टाकायची. मी मागे लागूनच घेतलं. पाळकसाहेब म्हणाले, यातून तुम्हालाही फायदा होईल. मला कशाला? पण मोठ्या मनाने सोडून दिलं.

४ जून, बुधवार
भाषणं तास-तासभराची. ड्रायव्हिंग स्कूल सांभाळून एवढं कोण ऐकणार? पद्धत बसवली. पहिली पाच मिनिटं, दुप्पट वेगाने. शितावरून भाताची परीक्षा. पुस्तक असेल तर पुढचं आणि मागचं कव्हर.

पहिली शिफारस सहनशीलतेवरच्या भाषणाची. वक्त्याचा आवाज चांगला आहे. गाडीत ऐकत होतो, तेवढ्यात शिकाऊ बाईंनी चौकात गाडी बंद पाडली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दाबून धरला. समजावायला खाली उतरलो. त्याचा आरसा माझ्या हातात आला. त्याने माझ्या तोंडावर गुद्दा घातला, मी त्याचं डोकं त्याच्याच दारावर आपटलं, दोनदा. दुसरी खेप टाळता आली असती. परत येऊन बघतो तर बाई गाडी तिथेच सोडून पायी घरी गेलेल्या. फी परत मागतायत.

आरसा फुटला, पण घराबाहेर, आणि आपला नव्हे. धरायचा नाही.

८ जून, रविवार
शिफारस झकास झाली. ओठ सुजलेला असूनही शब्द स्पष्ट. शेवटी जाहीर केलं, ज्यांना फायदा होईल त्यांनी साक्षीच्या वेळी अवश्य सांगावं. आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते, देवाने आयुष्यात काय केलं ते ज्याला सांगायचं तो उभा राहून सांगतो. एकाने जरी माझ्या शिफारशीचं नाव घेतलं तरी भरून पावलो. नावासाठी नाही, प्रभूच्या गौरवासाठी. पण नाव घ्यावं.

ऑर्गन वाजवणाऱ्याने माझ्या टेबलावर त्याची गाण्यांची पुस्तकं ठेवली. दुर्लक्ष केलं. बदल दिसतोय माझ्यात.

११ जून, बुधवार
घरात सगळे पेले स्टीलचे झालेत. ताटल्याही. हिला काटकसर सुचली, बरं आहे. पोरगी पण टापटिपीची होत चालली. माझी गाडी वाजली की आपला कंपास, रंगपेटी, फोटोची फ्रेम, सगळं उचलून पलंगाखाली ठेवते. अकराव्या वर्षी एवढी शिस्त कोणाच्या पोरीत आहे? ही शिकवणूक बापाची.

न्हाणीघराचं दार आज निखळलं. ही आतून कडी लावून बसली होती, मी बाहेरून बोलत होतो, पायाने बोललो. बिजागरीतून निखळलं, फुटलं नाही. लाकूड अख्खं आहे. हिला दाखवलं. ही खाली पडलेले स्क्रू वेचायला लागली, म्हणजे पटलं.

१५ जून, रविवार
साक्षीची वेळ आली. मी मागे वळून वळून बघितलं. एका आजोबांनी गुडघेदुखीबद्दल आभार मानले, दुसऱ्यांनी हरवलेल्या किल्ल्यांबद्दल. सहनशीलतेचं कोणी नाव काढेना. आठवडाभर ऐकायला काय धाड भरली होती लोकांना?

वर ऑर्गनवाल्याने पुन्हा टेबल बळकावलं. बाहेर आवारात त्याला प्रेमाने विचारलं. तो म्हणाला, टेबल देवाचं आहे. मी म्हटलं, मग देवाला सांग हलवायला, आणि त्याची पुस्तकं हलवली, हवेतून. त्याने माझी कॉलर धरली. मी त्याचं नाक धरलं असं तो म्हणतो. मी ठोसा मारला, धरलं नव्हतं. रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर आणि माझ्या बायबलावर. संडे स्कूलची पोरं खिडकीत गोळा झाली, आमची पोरगी सोडून. ती आधीच गाडीत जाऊन मागच्या सीटखाली बसली होती. तिला ऊन सोसत नाही.

या आठवड्याची शिफारस होती ‘समेट’ या विषयावरची पुस्तिका. भांडणामुळे करायची राहून गेली.

१८ जून, बुधवार
आज जे झालं त्याला अपघात म्हणतात.

शांत घर कसं राखावं, यावरचं नवं पुस्तक आलं. जाडजूड, पक्क्या बांधणीचं. हिला म्हटलं, मागचं कव्हर वाच. ही म्हणाली, तुम्ही वाचलंत का आतलं? एवढंच म्हणाली. पण ज्या सुरात म्हणाली. पुस्तक हातातून गेलं. भुवईच्या वर लागलं. चार टाके.

दवाखान्यात मी सांगितलं, कपाटाचं दार. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि हिच्याशी बराच वेळ बोलल्या. पोरगी माझ्या शेजारी न बसता पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. हात बघत बसलो. हाच हात शिकाऊ माणसाच्या स्टिअरिंगवर किती हलका असतो.

पुस्तकाला काही झालेलं नाही. भुवई ही वस्तू नव्हे.

२० जून, शुक्रवार
आता घराची घडी बसवायचीच. नामी भाषण सापडलं, पती-पत्नी आणि देवाची योजना. माझी पाच मिनिटं ऐकली. पत्नीने पतीचा मान राखावा, अशी सुरुवात. वा! लगेच ग्रुपवर टाकलं, ‘प्रत्येक विवाहित बहिणीने शेवटपर्यंत ऐकावंच’ असं लिहून. हिला समोर बसवून फोन हातात दिला आणि मी झोपलो.

उठलो तर ही तशीच बसलेली. सव्वा तासाचं सगळं ऐकलं म्हणाली. मग विचारलं, हे तुम्ही पूर्ण ऐकलंय? मी म्हटलं, न ऐकता अख्ख्या मंडळीला शिफारस करीन का? ही म्हणाली, मग तुम्हाला मान्य आहे. मी म्हटलं, शब्दन्‌शब्द. हिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी शांती दिसली.

रविवारी साक्ष दे म्हणून सांगितलं. बरं म्हणाली.

२२ जून, रविवार, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. ही पोरीचे कपडे भरतेय, बहुतेक धोब्याकडे द्यायला. आज माझा दिवस आहे.

२२ जून, संध्याकाळ
साक्षीची वेळ आली आणि ही उभी राहिली. मी कोपराने शेजाऱ्याला ढोसलं, बघ म्हटलं.

ही म्हणाली, “माझ्या नवऱ्याने मला एक भाषण ऐकायला लावलं. त्यात सांगितलंय की ज्या घरात हात उगारला जातो ते घर सोडणं म्हणजे देवाचा शब्द मोडणं नव्हे. पाळकाला सांगावं, पोलिसांना सांगावं, लेकरू घेऊन निघावं. मी सगळ्यांना सांगितलंय. ह्यांनाही ते शब्दन्‌शब्द मान्य आहे. मी आज निघतेय.”

कोणी तरी आमेन म्हणालं. आवाज ऑर्गनवाल्याच्या बायकोचा.

मी उठलो. दाराशी दादा उभा होता, नुसता उभा. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढेचनात. पोरगी बाकांमधून चालत गेली. रंगपेटी छातीशी धरली होती. पळाली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

नंतर पाळकसाहेबांनी टेबलाच्या कपाटाची किल्ली मागून घेतली आणि म्हणाले, उद्या पोलीस ठाण्यात मी तुमच्याबरोबर येतो. त्या भाषणाबद्दल मात्र तीन बायकांनी आभार मानले, त्यांनी सांगितलं. माझं नाव घेतलं का, ते विचारायचं राहिलं.

घरी आलो. पलंगाखाली वाकून बघितलं. काही नाही. मग हाताला आला तो पेला भिंतीवर हाणला. जीव खाऊन. तो घरंगळत टेबलाखाली गेला. काढायला गुडघ्यांवर बसावं लागलं. बसलोच आहे तर प्रार्थना करावी म्हटलं. डोळे मिटले. मग उघडून पेला उजेडात धरला.

पेला चेपलाय. फुटलेला नाही. हिला कळवायला हवं.