अनेकवचनी कर्जदार

२ जून, सकाळी ७
प्रिय सहचारिणी, रोजनिशीत कोणास उद्देशून लिहू नये हे मला ठाऊक आहे. तथापि तू जाऊन सात महिने झाल्यावर काल बँकेच्या अर्जावर तुझे संपूर्ण नाव तीन वेळा लिहावे लागले, आणि हात अजून त्याच वळणावर आहे.

घर विकले. भावनेचा प्रश्न नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. लेकीच्या गल्लीत दोन खोल्यांचा फ्लॅट ठरवला आहे. तिच्या घरी राहणार नाही. सासरा आणि जावई यांनी एका नळावर रांग लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण किरकोळ. आपण घराच्या कर्जाचा व्याजदर पाच वर्षांसाठी स्थिर ठेवला होता. पैकी चौदा महिने शिल्लक. आत्ता कर्ज फेडल्यास मुदतपूर्व फेडीचे शुल्क पडते. शुल्क हे त्यांच्या भाषेत. मराठीत त्यास दंड म्हणतात. तो भरला तर नव्या फ्लॅटसाठी पैसे उरत नाहीत. अर्थात, भरणार नाही.

४ जून
काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की काका, हेच कर्ज नव्या फ्लॅटवर न्या ना, दंडच लागत नाही, वीस तारखेच्या आत अर्ज द्या म्हणजे झालं. फक्त नवा करार तुमच्या एकट्याच्या नावावर होईल, मॅडमचं नाव कमी करावं लागेल.
विचार करतो म्हणालो. फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. ही पळवाट झाली. मला न्याय हवा आहे.

७ जून, दुपार
सापडले. कलम अकरा: ‘कर्जदारांनी स्वेच्छेने मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास’. कर्जदारांनी. अनेकवचन. म्हणजे दोघांनी. दोघांपैकी एकीची स्वेच्छा उपलब्ध नाही. सबब कलम लागू नाही. छापखान्यात बत्तीस वर्षे मुद्रिते तपासली, ती काही उगाच नव्हे.

११ जून
पत्राचा तिसरा खर्डा. लेकीचा फोन. विचारत होती की बाबा, तो फॉर्म दिलात का. मी तिला कलम वाचून दाखवले. ती म्हणाली, आईने एव्हाना फॉर्म देऊन येताना भाजीही आणली असती.
अप्रस्तुत.

१६ जून
पाचवा खर्डा. ‘सबब’ की ‘यास्तव’? घराचा व्यवहार पाहणारा दलाल फोनवर म्हणाला की साहेब, वीस तारीख तुमच्या शुद्धलेखनासाठी थांबायची नाही. शुद्धलेखन आणि व्याकरण यांतील भेद त्यास समजावून सांगितला. त्याने मध्येच फोन ठेवला.

२१ जून
पत्र बँकेत दिले. ‘यास्तव’ ठेवले. मुदत काल संपली, हे गौण. फॉर्म द्यायचा नव्हताच. परवा केवळ कुतूहल म्हणून भरून पाहिला होता, ‘वगळावयाचे नाव’ या रकान्यापर्यंत. तेथे पेनाची शाई संपली.
घरात दुसरे पेन होते.

२४ जून
बाईंनी समोर बसवून घेतले, पाणी दिले. म्हणाल्या की काका, तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं, फार सुंदर लिहिलंय. पण ते आदरार्थी बहुवचन आहे हो. एकटा असला तरी ग्राहकाला आम्ही मानानेच लिहितो.
छापखान्यात प्रत्येक ‘अध्यक्षाने’चे ‘अध्यक्षांनी’ मीच करीत असे. घरी येऊन कलम पुन्हा तपासले. वाक्य निर्दोष आहे.

३० जून
दंड भरला. फ्लॅट दुसऱ्याने घेतला. जावयाचा निरोप आला की बाहेरच्या खोलीतलं कपाट रिकामं केलंय, बाबांना आंघोळीला पहिला नंबर. व्यवस्था तात्पुरती आहे.
दुपारी ४.१० वाजता दारास कुलूप लावले. तिन्ही चाव्या दलालाकडे सुपूर्द केल्या.