हळदीखालचा पत्ता

वसई,
१२ एप्रिल २००१

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

आत्मारामचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त कागदावरच). तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला? इकडे सर्व कुशल आहे, फक्त घरातले सगळे माझ्यावर चिडलेले आहेत.

पत्रिकेवर लग्नाचं ठिकाण नाही, म्हणजे बोलवायचं मनातच नाही, असं म्हणून तू फोन आपटलास. ताई, ठिकाण होतं. उन्नतीच्या पत्रिकेसाठी पापडीच्या छापखानेवाल्या बर्नार्डने कम्प्युटरवर ढीगभर अक्षरं दाखवली. सगळी जाडजूड, पोट सुटलेली (मी त्यांतलाच). शेवटी एक निघालं, हाताने लिहिल्यासारखं, बारीक, उजवीकडे किंचित झुकलेलं, वेलांटी पार पुढच्या शब्दाच्या डोक्यावरून जाणारी. मी म्हटलं, हेच, आणि सोनेरी शाईत. रचना म्हणाली, "अहो, पत्रिकेसोबत भिंग वाटणार का?" मी ऐकलं नाही. हॉलचा पत्ता बर्नार्डने खालच्या कोपऱ्यात सहीसारखा टाकला. इतका सुरेख दिसला की मीच त्याची पाठ थोपटली.

मग पत्रिका देवापुढे ठेवून मी स्वतः प्रत्येकीच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं (हळद जरा ओली, बोटं माझी). रेघ केसाएवढी, हळद बसली आणि पत्ता गेला. जाड अक्षर हळदीतूनही दिसलं असतं, हे मला बर्नार्डने सांगितलं आणि उन्नतीनेही, रडत रडत. आता रोज फोन येतात. अर्नाळ्याच्या बायजामावशींनी विचारलं, "चिंचोटीच्या धबधब्यावर ठेवलंस का रे लगीन?" खुद्द व्याह्यांनी चौकशी केली, वऱ्हाड नेमकं कुठे आणायचं.

तरी सांगून ठेवतो, मी दुसऱ्या पत्रिका छापणार नाही. जाड ठशात तर मुळीच नाही. तो वालीवच्या कारखान्यांच्या पाट्यांना शोभतो, माझ्या लेकीच्या लग्नाला नाही. सगळे मला हट्टी म्हणतात. आहेच मी हट्टी. बाबा गेल्यावर तू शाळा सोडलीस आणि माझ्या पाटीवर अक्षरं काढून द्यायला बसलीस, ती अशीच बारीक होती, अशीच झुकलेली. उन्नतीच्या पत्रिकेवर मला तुझं अक्षर हवं होतं. ते मिळालं. लोकांना वाचता येवो न येवो.

तुझा, अजून शरण न आलेला,
आत्माराम

ता. क. १ : पत्रिका नाही, पण पत्त्याची चिठ्ठी चालेल, असं उन्नती म्हणते. तेव्हा सोबतच्या कोऱ्या कागदावर हॉलचा पत्ता तुझ्या हाताने लिहून लगेच पाठव. बर्नार्ड तसाच्या तसा छापून देईल, मी घरोघर वाटेन. बॉलपेन मात्र जरा दाबून चालव.

ता. क. २ : पत्ता लिहायचाच राहिला, हे रचनाने आत्ता दाखवून दिलं. गावदेवी हॉल, वालीव नाक्याजवळ, वसई पूर्व. रविवार, ६ मे. तू आल्याशिवाय अंतरपाट धरू देणार नाही. या कागदाला हळद लावलेली नाही, तेव्हा सबब चालणार नाही.