समुद्र अगदी दाराशी

३ मार्च
आज घर सुट्टीसाठी भाड्याने द्यायची जाहिरात साइटवर चढवली. नुसत्या शीर्षकाला अडीच तास गेले. शेवटी ठरलं: 'समुद्र अगदी दाराशी.' एक अक्षर खोटं नाही. घरापासून कड्याची कड चौदा मीटर. गेल्या वर्षी एकवीस होती, पण ते कोण विचारतंय?

जानेवारीच्या वादळात आमची अवजारांची खोली खाली समुद्रात गेली. त्याच दिवशी गेर्डाने बॅग भरली. तेव्हापासून ती गावात बहिणीकडे, आस्ताकडे. माझा बेत साधा आहे. अनोळखी माणसं इथे निवांत झोपतील, तसं लिहून जातील, गेर्डा ते वाचेल आणि परत येईल. एकतीस वर्षांच्या बायकोशी वाद घालायचा नसतो. पुरावा द्यायचा.

८ मार्च, सकाळी
फोटो काढले. नगरपालिकेचा पिवळा बोर्ड ('कडा ढासळतो, पुढे जाऊ नये') प्रत्येक फोटोत घुसतो. उपटून गॅरेजमध्ये ठेवला. फोटोपुरता. उद्या परत लावणार.

९ मार्च
पाऊस. बोर्ड उद्या.

२१ मार्च
जाहिरात ११२ वेळा पाहिली गेली. बुकिंग शून्य. सुरुवातीला असंच असतं.
इव्हाल्ड आला होता. शेजारी होता, गेल्या वर्षी स्वतःचं घर पाडून गावात गेला. मी आकडा सांगितला. म्हणाला, "अरे प्रेबेन, त्यातल्या चाळीस वेळा तर मीच. माझं कुंपण फोटोत दिसतंय का बघत होतो."
दिसत नाही. कुंपण फेब्रुवारीतच गेलं.

२ एप्रिल
गेर्डाला फोनवर जाहिरात वाचून दाखवली. तिने विचारलं, "दाराशी लिहिलंयस की दारात?" थट्टा करायला लागली म्हणजे राग उतरतोय. मग म्हणाली, "लहान मुलं घेऊ नकोस, एवढं ऐक." कबूल केलं. साइटवर तशी सोय कुठे आहे ते सापडलं नाही. नंतर बघू.

११ मे
बुकिंग!!! हॅम्बुर्गचे राइमर्स. नवरा, बायको, चार वर्षांची मुलगी. मुलगी आहे, पण एकच.

२४ मे
आले. चादरी इस्त्रीच्या, खिडक्या लख्ख, टेबलावर ताजे पाव आणि चीज. मी रस्त्याकडच्या कॅराव्हॅनमध्ये. राइमर्सबाईंनी विचारलं, पुढे कुंपण नाही का? म्हटलं, मी इथे तीस वर्षं राहतोय. त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

२६ मे, सकाळी साडेआठ
अंगणाच्या टोकाचा लाकडी ओटा गेला. आवाज फार नाही. ट्रकमधून वाळू ओतावी तेवढाच. मुलगी तिथेच बसून दूध-ओट्स खात होती. मोजे घालायला आईने आत बोलावलं. वाटी गेली.
बाई ओरडल्या नाहीत. मुलीचं एक उघडं पाऊल मुठीत धरून बसल्या, सोडेचनात. मी सांगितलं, स्वयंपाकघराला काही झालेलं नाही. राइमर्सनी विचारलं, "इथे धोक्याची पाटी वगैरे नव्हती?" म्हटलं, वाऱ्याने नेली असेल.
रोज सकाळी कड्यावर चक्कर मारणाऱ्या इव्हाल्डने गेर्डाला फोन केला असणार. वीस मिनिटांत गाडी घेऊन हजर. माझ्याकडे न बघता सामान भरू लागली. आमच्या मुलीची लहानपणची गाडीतली खुर्ची काढायला गॅरेजमध्ये गेली आणि बोर्ड घेऊन बाहेर आली. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, पावांशेजारी. तिघांना घेऊन गावातल्या लॉजवर गेली.

२७ मे
पहिला रिव्ह्यू. एक तारा. 'कृपया इथे मुलांना आणू नका.' स्वच्छतेलाही एकच तारा. त्या खिडक्यांना! उत्तर चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. गेर्डाने वाचलं असेल.

४ जून
नगरपालिकेचा माणूस येऊन मोजून गेला. सहा मीटर. घर पाडावं लागेल. त्याने विचारलं, "अशात तुम्ही पाहुणे ठेवलेत?" मी सही केली.
गेर्डाला फोन केला. म्हटलं, बोर्ड मी काढला होता.
"माहीत आहे. तू कधी सांगतोस ते बघत होते."
मग विचारलं, आता परत येशील का?
म्हणाली, "कुठे, प्रेबेन?"

१९ जून
दीड दिवसात पाडलं. मला वाटलं होतं आठवडा तरी लागेल.
आस्ताकडे आलो. मागची खोली. पलंगावर दोन टॉवेल, एक मोठा, एक छोटा. गेर्डाची खोली वर. आस्ताने सांगितलं, कॉफी आठ वाजता, न्हाणीघर तिघांत शेवटी. खोली खरंच छान आहे. म्हटलं, जाहिरात दिलीस तर हातोहात जाईल. ती हसली नाही. दारातच उभी राहिली.
"रविवारपर्यंत ना?"
मी तिच्या पलीकडे, स्वयंपाकघरात बसलेल्या गेर्डाकडे पाहिलं. ती पावाला लोणी लावत होती.
मी हो म्हणालो.