कोरी राहिलेली खोली

२ मे १९४८

प्रिय सुहास,

हे पत्र खरं तर शांतिपथकाच्या वतीने जायचं होतं. पथकाचा प्रमुख आप्पासो मला म्हणाला, "तू मास्तरांच्या मुलीची मैत्रीण. तू लिहिलंस तर मास्तर येतील." अक्षय्य तृतीयेला तुमचं नवं घर तुझ्या तात्यांच्या ताब्यात द्यायचं आणि गावजेवण घालायचं, असा बेत आहे. तात्यांनी सांगली सोडून परत यायचं की नाही, ते या पत्रावर ठरेल असं सगळे धरून चालले आहेत. सहा दिवस झाले, मी ते लिहिते आहे. चार कागद फाडले. दमले आहे, तेव्हा वाक्यं तुटक झाली तर चालवून घे.

आधी घराचं सांगते. भिंती पूर्ण झाल्या. कौलं परवा चढली. पुढचा दरवाजा सागवानी नाही, आंब्याच्या लाकडाचा आहे. सागवान मिळालं नाही. विहीर तीनदा उपसली, पाणी आता स्वच्छ आहे. ओसरीची लांबी पूर्वीपेक्षा चार इंच कमी भरते. ती चूक माझी. दोरी ओली होती, ते माझ्या लक्षात आलं नाही.

पथक मार्चच्या अखेरीस आलं. सांगलीकडची आणि कऱ्हाडची कॉलेजातली नऊ मुलं. मी पुण्याच्या कचेरीतून बिनपगारी रजा घेऊन त्यांना येऊन मिळाले. वडील इटलीत लढाईत पडल्यावर पलटणीच्या खटपटीने मला नकाशे गिरवणाऱ्या ट्रेसरच्या वर्गात जागा मिळाली, तो अर्ज तात्यांनीच लिहून दिला होता. त्यामुळे नकाशे काढायला मी येणं बरोबर होतं. यापेक्षा जास्त कारण मी कोणाला सांगितलं नाही.

मुलं चांगली आहेत. पहाटे उठून प्रभातफेरी काढायची, मग शाळेच्या अंगणात सूतकताई, मग काम. पहिल्या आठवड्यात कामापेक्षा गाणीच जास्त झाली. घर जळलं त्या दिवशी तुम्हाला स्वतःच्या गोठ्यात लपवणारी धोंडुबाई रोज येऊन बघायची. एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गाणी लय ग्वाड म्हंता रं. चिखल कालवाय येतोय का?" येत नव्हता. मग तिनेच लुगडं खोचलं आणि पाय चिखलात घातले. दुसऱ्या दिवशी सात बायका आल्या. घर उभं राहिलं ते तिथून. आप्पासो मात्र अहवालात याला 'जागृती' म्हणतो. धोंडुबाईला विचारलं तर ती म्हणेल, पोरांचं बघवंना.

गावातून पथकात पहिलं नाव माझ्या भावाने घातलं. मानसिंगने. तुला तो कमी बोलणारा म्हणून माहीत आहे. आता त्याहून कमी बोलतो. आमचा ऊस तोडायचा तसाच ठेवून तो दिवसभर तुमच्या जोत्यावर असायचा. आई कुरकुरायची. सगळे त्याचं उदाहरण देत. मलाही बरं वाटत होतं, हे लिहून ठेवते.

आता नकाशाचं. पोरांनी एक घोटाळा केला. मी येण्याआधीच उत्साहाच्या भरात सगळी जळकी माती, पडक्या आतल्या भिंती, सगळं वाहून नेऊन जोतं झाडून लख्ख केलं. मी टेप घेऊन उभी राहिले तेव्हा मोजायला बाहेरची कड तेवढी उरली होती. तुम्हाला विचारायचं नाही, तात्यांना सगळं एकदम दाखवायचं, असा आप्पासोचा हट्ट. तेव्हा आठवणीवरून काढायला बसले. ओसरी मी काढली. माजघर काढलं, जिथे बसून आपण भूमितीची प्रमेयं सोडवली तो कोपरासुद्धा. मग हात थांबला. तुमच्या घरी मी अकरा वर्षं येत होते, पण माजघरापलीकडे, स्वयंपाकघरात, कधी गेले नाही. काकू लाडू तिथेच आणून द्यायच्या, वरून हातावर. तक्रार म्हणून लिहीत नाही. नकाशात ती खोली कोरी राहिली, म्हणून लिहिते.

मी गावाला विचारलं. पारावर पंधरा-वीस माणसं होती. जोतिबा पाटील हसून म्हणाले, "आगं, बामनाच्या सैपाकघरात आमी कवा गेलोय? तिथं मांजर तेवढं जायाचं." सगळे हसले. आणि मागे कुदळ घेऊन उभा असलेला मानसिंग म्हणाला, "देव्हारा उगवतीच्या भितीत. चूल आतल्या कोपऱ्यात. चुलीवर बारकी खिडकी, तीन गजांची." मी पेन्सिलीने उतरून घेतलं. तीन गज काढले. त्यानंतर मला ते कळलं. पारावरचं हसणं थांबलं होतं.

आमच्या अहवालात एक वाक्य आहे: 'गांधीजींच्या खुनानंतरच्या आठवड्यात गावातील तीन ब्राह्मण घरे परगावच्या जमावाने जाळली; गावातील एकही इसम सामील नव्हता.' अक्षर माझं आहे. गावाने सांगितलं, आप्पासोने मान डोलावली, मी लिहिलं. एखादं माप स्वतः न घेता मी कधी कागदावर चढवत नाही. हे चढवलं.

त्या संध्याकाळी मानसिंग बैलांना वैरण घालत होता. मी विचारलं, खिडकीचे गज कधी मोजलेस? तो वैरण टाकत राहिला. सगळी पेंडी संपल्यावर बोलला. बाहेरची माणसं आली होती, ते खरं. घर कोणतं, ते त्याने दाखवलं. आत तोही गेला. "घरात कुनी न्हवतं. चुलीत इस्तू हुता. त्यातलंच एक लाकूड उचललं," म्हणाला. का, असं मी विचारलं. "सगळे जात हुते," एवढंच. मग थोड्या वेळाने, "चुलीवर भाताचं पातेलं हुतं. ते उतरून बाजूला ठिवलं, अन् मग लाकूड घेतलं." मला त्याचा अर्थ लावता आलेला नाही. तुमचा स्वयंपाक अर्धा राहिला होता, हे मला त्याच्याकडून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा तुमच्या भिंती लिंपायला गेला. मी पुन्हा टेप धरली. तीन आठवडे असे गेले. घर बांधणं सोपं होतं, सुहास. बाकीच्याने माणूस थकतं.

आप्पासोला मी काल सांगितलं. तो म्हणाला, "आता हे काढलंस तर सगळ्या कामावर पाणी. मास्तर यायचे नाहीत, आणि गाव आपल्याला उभं करणार नाही." त्याचं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. बेतही मानसिंगच्याच हातून पुढचं दार उघडायचं, असा आहे. गावातला पहिला स्वयंसेवक म्हणून. तात्या त्याच्या पाठीवर हात ठेवतील. तेवढं मला बघवणार नाही, आणि तात्यांना ते न सांगता करायला लावण्याचा हक्क आम्हा कोणालाच नाही. म्हणून पथकाचं पत्र मी लिहिलेलं नाही. त्याऐवजी हे. अहवालातलं ते वाक्य खोडून खाली खरं लिहिलं आहे, मानसिंग केरबा असं पूर्ण नाव घालून, आणि एक प्रत आज सकाळी शिराळ्याला फौजदाराकडे पाठवली. मानसिंगला आधी वाचून दाखवली. तो म्हणाला, "भाताचं तेवढं लिव्हू नगंस. त्यास्नी वाटंल, मी सूट मागतोय." अहवालात घातलं नाही. तुला मात्र लिहिलं, कारण ते घडलं आहे आणि तुमच्या घरात घडलं आहे. हे पत्र तात्यांना वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. त्यानंतर ते आले तर घर तयार आहे. न आले तर आमच्याकडून कोणी समजूत घालायला येणार नाही, एवढं मी बघेन. माझ्यासाठी काही लिहू नकोस. येणार की नाही, एका ओळीत कळव.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
राही