साथीची जागा

रॉटरडॅम

ती. बाबांना, निहारचा दुरून वाकून नमस्कार.

इथल्या क्लबशी माझा करार संपतोय, पण काळजी करू नका. मास्ट्रिख्टचा बास्केटबॉल संघ मला सुरुवातीपासून खेळवायला तयार आहे. इथे राहिलो तर पुन्हा बाकावर बसायचं, मध्येच मैदानात उतरायचं आणि समोरच्या मोठ्या खेळाडूला अडवायचं.

गुडघा बराच बरा आहे. आईला नुसतं ‘बरा आहे’ सांगा.

तुम्ही जन्मभर तबल्याची साथ केलीत. गाणं संपलं की बुवा लोकांकडे बघण्याआधी तुमच्याकडे बघायचे. परवा सामना जिंकल्यावर आमचा कॅप्टन तसाच माझ्याकडे वळला.

मी इथेच सही करतोय.

तुमची बोटं अजून आखडतात का? जूनमध्ये येतोय. तुमच्या साथीवर आईचं भजन संपलं की यंदा मीही आधी तुमच्याकडे बघेन.

तुमचाच,
निहार