लिंबाचा वास आणि खालचं बाथरूम

२ ऑगस्ट, शनिवार, सकाळ
आजपासून सिगरेट बंद. लेक अनुष्काने अटलांटाजवळच्या अल्फारेटाहून फोनवर स्पष्टच सांगितलं: ऑक्टोबरमध्ये ईशानला घेऊन तुमच्याकडे मॉरिसव्हिलला येते, पण स्मोक करणाऱ्याच्या हातात मी माझं बाळ देणार नाही, नो एक्सेप्शन्स, बाबा. मी म्हटलं, अगं, सोडली केव्हाच. आता ते खरं करणं तेवढं बाकी आहे. पहिला नातू. अजून फक्त स्क्रीनवर पाहिलाय.

दुपार
ई-सिगरेट म्हणजे स्मोकिंग नव्हे. धूर नसतो, वाफ असते. सर्दी झाली की आईसुद्धा वाफच द्यायची. मात्र तयार लिक्विडवर माझा विश्वास नाही. आत काय घालतात कोणास ठाऊक. जन्मभर औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोल केलं. संशय हा माझा स्वभाव नाही, क्वालिफिकेशन आहे. घरीच मिक्स करणार. ओढायचं यंत्र, बेस, निकोटिन आणि लाइम फ्लेवर कॉन्सन्ट्रेट ऑर्डर केलं. लिंबूच का? लिंबावर कोणी संशय घेत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार
पार्सल आलं. खोक्याची टेप एका कोपऱ्यात सुटलेली. कोणी उघडून पाहिलं का? लेबलवर लिहिलंय, नॅचरल टाइप. टाइप म्हणजे काय? एक तर नॅचरल असतं किंवा नसतं.
सगळं सामान खालच्या बाथरूममध्ये, सिंकखाली, क्लीनरच्या बाटल्यांमागे लपवलं. त्या कपाटात मी आजवर कधी हात घातलेला नाही, म्हणजे जागा सेफ.
टेस्ट एक. दार बंद, पंखा चालू. पहिला झुरका: लिंबाची साल. दुसरा: फरशी पुसायचं क्लीनर. कंपनीने फसवलं.

संध्याकाळ
पद्मजा त्या बाथरूमच्या दारात थबकली. नाक वर करून हुंगलं. मी वकिलाचा नंबर आठवत होतो. ती म्हणाली, अहो, बाथरूम घासलंत की काय? मी म्हटलं, हो.
न मागता आल्याचा चहा मिळाला. हे बरं लक्षण नाही. लग्नानंतर असा चहा फक्त प्रमोशनला मिळाला होता.

११ ऑगस्ट, सोमवार
पुरावा म्हणून आज खरंच थोडं घासलं. सिंकखालचं लेमन-लाइम क्लीनर भरपूर ओतलं. मग लगेच टेस्ट दोन. कंडिशन्स मुद्दाम त्याच ठेवल्या: तेच बाथरूम, दार बंद. निकाल धक्कादायक. लिंबू नावालाच, क्लीनर नव्वद टक्के. बाटली तीच असून आतला माल रोज बिघडतोय.
कंपनीला कडक ईमेल.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
कंपनीचं उत्तर: मिक्स केलेलं लिक्विड दोन आठवडे ठेवून द्या, फ्लेवर सेटल होतो. म्हणजे लोणच्यासारखं मुरू द्यायचं. मुरू देतो. पण मुरायला ठेवलेलं मधूनमधून तपासावं लागतं. आज चारदा तपासलं.
बेसलाइन हवी म्हणून गॅरेजमागे एक सिगरेट ओढली. टेस्टिंगची गरज होती. ती धरत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
पद्मजा सहज म्हणाली, वरच्या बाथरूमला नाही हो तसा छान वास येत. सहज? तिच्या बोलण्यात सहज काही नसतं. कन्सिस्टन्सीसाठी आता वरही टेस्ट घेतो. म्हणजे वरचंही घासणं आलं. गुडघे दुखतात.
सोमवारपासून निकोटिन निम्मं.

२५ ऑगस्ट, सोमवार
आज गुडघे फारच दुखले. निकोटिन पुढच्या सोमवारपासून.

६ सप्टेंबर, शनिवार
सेकंड ओपिनियन. शेजारचा उल्हास, रिटायर्ड डेंटिस्ट, मूळचा नागपूरचा. कॉन्सन्ट्रेटचा एक थेंब कागदावर टाकून त्याच्या नाकाखाली धरला, काय आहे ते सांगितलं नाही. म्हणाला, अरे यार, हा तर तुझ्या बाथरूमसारखा वास येतोय. मग बराच वेळ हसत होता. का हसत होता? जाताना त्याने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. खिशात यंत्र होतं. हा माणूस अनुष्काला सांगणार. तिला तो लहानपणापासून ओळखतो. ती उल्हासकाका उल्हासकाका करत असते.

१४ सप्टेंबर, रविवार
मराठी मंडळाच्या जेवणात पद्मजाने सर्वांसमोर सांगितलं, आमचे हे दोन्ही बाथरूम्स स्वतः घासतात. बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. उल्हासच्या बायकोने तर फारच रोखून. आता त्याच्याकडे मोटिव्हही आहे.
महिनाभर मुरवलेली बाटली आज उघडली. घासून झाल्यावर तिथेच. तरीही क्लीनर! कंपनीला दुसरा ईमेल. फोटो जोडला.

२८ सप्टेंबर, रविवार
कॉन्सन्ट्रेटची नवीन बाटली मागवली, तुलनेसाठी. दोन्ही सारख्याच खराब. म्हणजे सगळ्या इंडस्ट्रीतच गडबड आहे.
अनुष्काने फोनवर विचारलं, बाबा, सब ठीक? तिने हिंदीत कधीच विचारलेलं नाही. हे नागपुरी हिंदी. उल्हास फुटला.
ईशान येण्याच्या आदल्या दिवशी सगळं बंद करणार. एका दिवसात फुप्फुसं बरीच साफ होत असावीत.

११ ऑक्टोबर, शनिवार, दुपार
आले. काल बंद करायचं राहून गेलं, टेन्शन होतं. आज सकाळी दोनदा आंघोळ केली, नवा शर्ट घातला. हात पुढे केले. ईशान केवढासा आहे. फोनवर मोठा दिसायचा.
अनुष्काने माझ्या मानेजवळ नाक आणलं. व्हॉट इज दॅट, बाबा? लाइम? उत्तर दोन महिन्यांपासून तयार होतं. म्हटलं, बाथरूम घासलं ना सकाळी, क्लीनरचा वास. तिने बाळ झटकन मागे घेतलं. केमिकल्स? नो वे, त्याचे लंग्ज इवलेसे आहेत.
मी घाईघाईने म्हटलं, अगं, क्लीनर नाही ते.
मग काय आहे, असं पद्मजाने विचारलं. अगदी शांतपणे.
खिशातून यंत्र काढून टेबलावर ठेवावं लागलं. कोणी दचकलंसुद्धा नाही. ऑर्डर फॅमिली अकाउंटवरून गेली होती. त्यावरचा प्रत्येक ईमेल अनुष्कालाही जातो. तिने पहिल्याच दिवशी आईला कळवलं होतं. पद्मजा म्हणाली, वासाने फरशी स्वच्छ होत नाही एवढं मला कळतं हो, पण तुम्ही हो म्हणालात, मग म्हटलं होतंय तर होऊ दे.
तेवढ्यात उल्हास बेसनाचे लाडू घेऊन आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाळ त्याच्या मांडीवर गेलं.
अनुष्का म्हणाली, नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगला परत येऊ, तोपर्यंत झीरो, देन वी विल सी. मला फार वाईट वाटलं. राग कोणावर काढावा हे शोधलं, कोणी सापडलं नाही.

संध्याकाळ
दोन्ही बाटल्या आणि यंत्र बाहेरच्या कचऱ्यात टाकलं. बाळाच्या आंघोळीसाठी वरचं बाथरूम बेकिंग सोडा आणि गरम पाण्याने घासलं. बिनवासाचं, बाळाला चालेल असं. इतकं मन लावून आजवर घासलं नव्हतं. खाली आलो. कोणी हुंगलं नाही, कोणी चहा विचारला नाही. शेवटी मीच सांगितलं, वरचं बाथरूम घासलंय.
पद्मजा आणि अनुष्का दोघी खात्री करायला वर गेल्या.
ईशान अजून उल्हासच्याच मांडीवर. त्याला म्हटलं, दोन मिनिटं दे ना बाळाला माझ्याकडे. तो म्हणाला, अरे यार, त्यांना खाली तर येऊ दे.